गमबुटांसाठी शोधलेले शब्द

माझं बोलणं ऐकून माणसं मरता मरता वाचतात, पण ती हसून हसून. मी शाळामास्तर. तेलंगणातल्या आमच्या आदिलाबादेत कुणाचा निरोप समारंभ असो, कुणाच्या मुलीचं लग्न असो, नाहीतर शाळेचं गॅदरिंग असो, सूत्रसंचालन माझ्याकडे. माइक माझ्या हातातून परत घ्यायला दोन माणसं लागतात, असं माझी बायको चारचौघांत सांगते. ती वाढवून सांगते. एक माणूस पुरतो, फक्त तो धडधाकट पाहिजे.

अशा माणसाने एकदा चार शब्द निवडले. माइकवरून बोलायला नाही, एका दुकानाच्या वेबसाइटसाठी. ते शब्द इतके चपखल बसले की त्यांच्या मागोमाग एक बाई भलत्याच रस्त्याने निघाली. निघाली म्हणजे, तिला ऑटोच्या मागच्या सीटवर टेकवून बसवली होती.

दुकान माझ्या मेहुणीचं. लग्न होऊन ती तलमडुगूकडे गेली, दहा वर्षं सासरच्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात, राबली आणि मग आदिलाबादेत कापूस बाजाराजवळ तिने गाळा घेतला. गमबूट, पिंढरीला बांधायची जाड आवरणं, रबरी हातमोजे, फवारणीचे मास्क, कपाळाला लावायचे टॉर्च. शेतात जाणाऱ्याला जे जे बोचतं, भाजतं, चावतं, त्याच्या आडवं यायचं सामान. माल चांगला, बाई बोलायला खमकी, पण दुकान आतल्या गल्लीत. म्हणून तिने हैदराबादच्या एका पोराकडून वेबसाइट करून घेतली. वेबसाइट नवरदेवासारखी सजलेली होती. वरात मात्र कुठेच दिसत नव्हती.

"भाऊजी," ती एक दिवस म्हणाली, "तुमी एवढे शब्द वाया घालवता. चार मले द्या ना."

पोराने वेबसाइटला लावलेले कीवर्ड मी पाहिले. सेफ्टी फुटवेअर. अ‍ॅग्रो प्रोटेक्शन सोल्युशन्स. मी दुकानात पोट धरून हसलो. बाजारहत्नूरचा कोणता शेतकरी सकाळी उठून बायकोला सांगतो की अगं, माझं अ‍ॅग्रो प्रोटेक्शन कुठे ठेवलंस? मी पोराला फोन लावला. त्याने न रागावता मला धडा दिला. म्हणाला, "सर, दुकानदार माल को क्या बोलता, वो छोडो. कस्टमर के मुँह में जो रहता, वो शब्द लाओ. और दुसरा कोई वो शब्द नहीं लिखा होना, तो आपका पेज सबसे ऊपर."

गिऱ्हाइकाच्या तोंडातला शब्द! अहो, मला तर जन्मभर कुणी असं काम दिलं नव्हतं. मी एक वही घेतली आणि निघालो.

पंधरा दिवस मी राजासारखा फिरलो. बस स्टँड, कापूस बाजारातली चहाची टपरी, मंडल ऑफिसपुढची झाडाखालची गर्दी. मराठीत विचारायचो, तेलुगूत विचारायचो, तेलुगू अडली की हिंदीत घुसायचो. गमबूट कशासाठी घेता? चिखल, काटे, असं काहीबाही लोक सांगत. पण थोडा वेळ बसलं, चहा पाजला, की आवाज खाली यायचा आणि खरं कारण बाहेर यायचं. आणि त्या कारणाचं नाव कुणी घेत नव्हतं.

साप हा शब्द मला पंधरा दिवसांत एकाही शेतकऱ्याच्या तोंडून ऐकू आला नाही. लांबडं म्हणत. जनावर म्हणत. किडा म्हणत. तेलुगू माणसं पुरुगु म्हणत, त्याचाही अर्थ किडाच. टपरीवर निंदणीला जाणाऱ्या एका म्हातारीला मी मुद्दाम छेडलं. म्हटलं, "मावशी, त्याला साप म्हनत नाही का तुमी?"

तिने कपबशी खाली ठेवली. चहा अर्धा होता.

"काऊन विचारून राह्यले मास्तर? नाव घेतलं का थे येते."

"इथं बाजारात कुठून येईल?"

"इथं नाई येत," ती उठता उठता म्हणाली, "आमी जिथं जातो तिथं येते. तुमी घरी जाता." आणि पदर खोचून ती ट्रॅक्टरकडे निघून गेली. उरलेला चहा तिने प्यायला नाही.

मला त्या वेळी या प्रकाराची धास्ती वाटायला हवी होती. मला वाटला आनंद. मी वहीत लिहिलं: लांबडं, जनावर, किडा, पुरुगु. मग मोबाईलच्या शोधपट्टीत एकेक शब्द टाकून पाहिला. इथली आमची माणसं घरात मराठी बोलतात, पण शिकलेली तेलुगूत नाहीतर उर्दूत, म्हणून मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. मीही तसंच केलं. 'किडा चावला' एवढं लिहिलं आणि थांबलो, तर खाली आपोआप ओळी उगवल्या. किडा चावला काय करावं. किडा चावला पाय सुजला. किडा चावला झोप येते. किडा चावला दवा.

या ओळी कुणीतरी खरोखर लिहिलेल्या होत्या. झोप येते, ही ओळ मी दोनदा वाचली. कुणी लिहिली असेल, कुणाच्या उशाशी बसून? मग मी त्या ओळी वापरून शोधून पाहिलं. मोठमोठी पानं निघाली, पण सगळ्यांत सर्पदंश. सर्पदंश शोधणारा माणूस सर्पदंशावर निबंध लिहीत असतो. आमच्या माणसाच्या तोंडातला शब्द कुणीच लिहिला नव्हता. पोराने सांगितलेली रिकामी जागा माझ्यासमोर उघडी पडली होती.

मी मेहुणीसमोर दुकानातच प्रयोग केला. उभा राहिलो, हात पसरले आणि जाहीर केलं, "बूट कोणी शोधत नाही. लोक भीती शोधतात. आपण भीतीच्या दारात दुकान मांडायचं. पानाचं नाव: लांबडं चावलं, काय करावं!"

टाळ्या पडल्या नाहीत. ती हातमोज्यांच्या जोड्या लावत होती.

"भाऊजी, बूट चावायच्या आधीचे असतात. हे तं चावल्यावरचं झालं."

"येऊ तर दे गिऱ्हाईक. वाचता वाचता खाली येईल, बूट बघेल."

"ज्याले चावलं थो बूट पाह्यत बसंल?"

"घरचे पाहतील."

तिने हातमोजे खाली ठेवले. मग म्हणाली, "मंग वरतं पहिलीच ओळ टाका, सरळ सरकारी दवाखान्यात जा म्हनून."

इथे मी जे केलं ते लपवत नाही. ती ओळ वर टाकली असती तर माणूस तिथूनच परत फिरला असता, आणि माझ्या नाट्याचा पडदा पहिल्याच वाक्याला पडला असता. मी आधी जनावराचं वर्णन लिहिलं, पऱ्हाटीच्या बुडाशी वाळक्या पाल्यात ते कसं निजलेलं असतं ते लिहिलं. मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं, पण अंगावर काटा येईल असं लिहिलं. मग बूट. मग आवरणं. दवाखान्याची ओळ सगळ्यात खाली. आणि मध्ये, लाल पट्टीत, मेहुणीच्या दुकानाचा नंबर: लगेच बोला, आम्ही मदतीला आहोत. मराठीत, तेलुगूत आणि इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत.

कापसाच्या वेचणीला तोंड लागलं आणि आमचं पान पहिल्या नंबरावर आलं. मी बायकोला दाखवलं, स्टाफरूमला दाखवलं, न्हाव्यालाही दाखवलं. पोराचा फोन आला, "सर, आप तो छुपे रुस्तम निकले."

त्याच आठवड्यात दुकानातला फोन वाजू लागला. आधी एक बाई, "मंत्र टाकता का?" मी हे लग्नाच्या पंगतीत रंगवून सांगितलं, लोक लोळले. मग कुणी विचारलं, दवा पार्सलने येते का. मग एक फोन आला त्यात कुणी बोललंच नाही. मेहुणी म्हणाली, नुसता मागे कुणीतरी कण्हत असल्याचा आवाज होता, आणि मग फोन ठेवला. तिने उलट फोन केला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी केला, बंद होता.

"थे कोन असंल?" ती मला विचारत राहिली. "भाऊजी, कोन असंल थे?"

"राँग नंबर," मी म्हटलं.

ती नंतर बुटांच्या खोक्यांवर बसून जेवायची, फोन मांडीवर ठेवून. पान काढा म्हणाली. मी म्हटलं, हंगाम जाऊ दे. खरं म्हणजे मला पहिला नंबर सोडवत नव्हता.

त्या दिवशी दुपारी मी दुकानात एकटा होतो. मेहुणी स्टेशनवर आलेला माल सोडवायला स्कूटर घेऊन गेली होती. फोन वाजला. म्हाताऱ्याचा दबका आवाज, जरा लांब जाऊन बोलल्यासारखा, पाठीमागे ऑटोचा धडधडाट.

"लांबड्याची दवा तुमच्याकडंच हाय ना?"

"कोण बोलतं?"

"सून हाय माही. कापूस वेचून राह्यली होती. आमी निघालो. अर्ध्या घंट्यात तुमच्या दुकानी पोचतो."

शाळेच्या पटांगणात माइकशिवाय मागच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात मी ओरडलो. "दुकानात नका येऊ! इथं दवा नाही! दवाखान्यात न्या, सरकारी—"

"हाव, हाव, मोबाइलवर रस्ता दाखवून राह्यला," तो म्हणाला, आणि फोन कापला गेला. मी परत लावला. कव्हरेजच्या बाहेर. पुन्हा लावला. बाहेर.

मी दारात आलो. आमच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंनी, कापसाने भरलेल्या गाड्या बाजाराच्या दरवाजापर्यंत लागलेल्या होत्या. हंगामात त्या रांगेत शिरलेला ऑटो तासभर मागेपुढे होत नाही. मला समोर स्वच्छ दिसलं: गाड्यांच्या मध्ये अडकलेला ऑटो, म्हातारा लोकांना विचारतोय दुकान कुठे, आणि दुकानात मी, आजूबाजूला दोनशे गमबूट.

तेवढ्यात मेहुणी स्कूटरवर आली. मी सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. खोकी तिथंच टाकली, म्हणाली, "बसा मागं."

तलमडुगूकडून येणारा रस्ता शहरात शिरतो तिथे एक चौक आहे. तिथून एक वाट मोठ्या दवाखान्याकडे जाते, दुसरी कापूस बाजाराकडे. ऑटो त्या चौकातच धरायचा होता. एकदा तो डावीकडे वळला की संपलं. आम्ही पोचलो तेव्हा ऑटोंमागून ऑटो येत होते. वेचणीच्या बाया, शाळेची पोरं, कोंबड्यांचे खुराडे. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा आवाज काढला.

"साप चावलेली बाई कोणत्या ऑटोत आहे? साप! साप चावलेली बाई!"

माणसं थबकली. एका बाईने पोराचे कान झाकले. मी ऑटोमागून ऑटो अडवत होतो, आत डोकं घालून विचारत होतो. एका ऑटोत पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा बसला होता, शेजारी एक तरुण बाई भिंतीला टेकावं तशी त्याच्या खांद्याला टेकलेली. मी विचारलं, "बाबा, साप चावलाय का हिला?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच चावलो होतो. "नाई," तो म्हणाला. "कोनाले काई नाई चावलं. हटा."

मी हटलो. नाही म्हणाला ना! ऑटो पुढे गेला आणि डावीकडे, बाजाराच्या बाजूला कललासुद्धा. मी पुढच्या ऑटोकडे धावलो.

मागून मेहुणीचा आवाज आला. ती त्या ऑटोच्या पुढे उभी होती, दोन्ही हात त्याच्या काचेवर ठेवून. तिने त्या बाईच्या कमरेला अजून बांधलेली, कापसाने अर्धी भरलेली ओटी पाहिली होती. ती आत वाकली आणि अगदी हळू, घरातल्यासारखं बोलली.

"काका, सुनेच्या पायाले काटा लागला का?"

"हाव माय," म्हाताऱ्याचा चेहरा सुटला. "काटाच लागला. जरासा."

"दवा मोठ्या दवाखान्यात हाय. मी संग येतो. दादा, उजवीकडं घ्या." आणि ती ऑटोत चढली. बाईचा पाय तिने मांडीवर घेतला. पोटरीवर दोरी इतकी घट्ट आवळली होती की पाय जांभळा झाला होता. बाईने डोळे किलकिले करून विचारलं, "काटा निघंल ना ताई?"

"निघते ना. तू बोलत राह्य माह्यासंग. झोपू नको."

ऑटो उजवीकडे वळला. मी चौकात मेहुणीच्या स्कूटरपाशी उभा राहिलो, आजूबाजूला माणसं माझ्याकडे वेड लागल्यासारखी बघत होती.

नंतर मेहुणीने मला सांगितलं. ज्याला चावतं त्याला ते कळू देत नाहीत. काटा लागला, एवढंच सांगतात, नाहीतर माणूस धास्तीनेच हातपाय गाळतो. आणि त्याच्या कानावर पडेल अशा ठिकाणी घरचे मेले तरी कबूल करत नाहीत. तिने सासरी दोनदा हे पाहिलं होतं. मी पंधरा दिवस फिरून लोक काय बोलतात ते वहीभर लिहून आणलं होतं. ते कोणासमोर काय बोलत नाहीत, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

दवाखान्यात बाईला लगेच इंजेक्शनं सुरू झाली. दोन दिवस ती शुद्धीत येई, जाई. मी बाहेरच्या बाकावर बसायचो. म्हातारा माझ्याकडे पाठ करून बसायचा. ज्याने भर चौकात नाव घेतलं, तो माणूस मीच हे त्याच्या ध्यानात होतं. त्याच्या हिशेबी जनावर मी पुन्हा बोलावलं होतं. मला त्याचं म्हणणं फारसं खोडता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाईने भाताची पेज मागितली.

मी घरी जाऊन पान उघडलं. जनावराचं वर्णन काढलं, बूट काढले, लाल पट्टी आणि नंबर काढला. मोठ्या अक्षरांत, तिन्ही तऱ्हांनी, तेवढंच ठेवलं: इथे दवा नाही. दवा फक्त सरकारी दवाखान्यात आहे. दोरी आवळू नका, पाय हलवू नका, आत्ता निघा. शब्द मात्र तेच ठेवले, लांबडं, जनावर, किडा, पुरुगु. मेहुणीच म्हणाली ठेवा म्हणून, कारण शोधणारे तेच शोधणार. पोराचा फोन आला, "सर, इस में तो कुछ बिक ही नहीं रहा." मी म्हटलं, हाव. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

तीन आठवड्यांनी म्हातारा दुकानात आला. धुतलेलं धोतर, हातात तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी. सून घरात चालती-फिरती झाली, पाय जरा ओढते, म्हणाला. मेहुणीच्या पायाला हात लावायला वाकला, तिने वरच्यावर धरलं. माझ्याकडेही बघून हसला. मला माफी मिळाली होती.

"तुमच्यामुळं वाचली माय," तो म्हणाला. "दवाखान्यातले तं नुसत्या सुया टोचत होते. तुमी पायाले हात लावला, तवाच उतरलं."

"काका, मी काई नाई केलं. थे इंजेक्शन—"

"आता लपवू नका. आमच्या गावात सांगितलं मी. शेजारच्या दोन गावांतही सांगितलं. म्हटलं, कोनाले काटा लागला तं पहिले इथं आना. ह्या बाईच्या हातात हाय."

मेहुणीने हातातली शेंगांची पिशवी खाली ठेवली. बाहेर गाड्यांची रांग बाजारापर्यंत लागलेली होती. वेचणीचे अजून दोन महिने बाकी होते. मी मोबाईलकडे पाहिलं. त्यातलं पान मी एका बोटाने बदललं होतं.

तिने स्टूल पुढे ओढलं. "बसा काका. चहा घ्या. आता मले सांगा, काटा लागला तं कुठं जायचं?"

"दवाखान्यात," म्हातारा आज्ञाधारकपणे म्हणाला.

"हां. गावात काय सांगसान?"

"दवाखान्यात जा म्हनून."

"पहिले कुठं?"

"पहिले दवाखान्यात."

"बरोबर." तिने सुस्कारा सोडला. "समजलं ना काका?"

"समजलं ना माय. नाव नाही सांगायचं तुमचं, असंच ना?" त्याने डोळा बारीक केला. "गुपचूप आनतो आमी. पहिले तुमच्याकडं, मंग दवाखान्यात. दोन्ही होते."

मेहुणी माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर मी त्या चौकातसुद्धा न पाहिलेली भीती होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "शटर ओढा. काकाच्या गावाले जायचं हाय. आत्ताच."